उजेडाच्या कोनापासून एफएसआयपर्यंत

मुंबईतल्या गृहनिर्माण सोसायटीच्या सभेत पुनर्विकासाचा विषय निघाला की पहिला प्रश्न असतो, एफएसआय किती मिळणार? कायद्याच्या भाषेत त्याला चटईक्षेत्र निर्देशांक म्हणतात. भूखंडाच्या क्षेत्रफळाच्या किती पट बांधकाम करता येईल, ते सांगणारा हा आकडा. आज तो विकला जातो, विकत घेतला जातो, एका भूखंडावरून उचलून दुसऱ्यावर नेला जातो. गरिबांच्या घरांचा खर्चही त्यातूनच भागवला जातो. पण हा आकडा चलन म्हणून जन्माला आला नव्हता. त्याचे कूळ शोधत गेले तर ते प्लेगच्या साथीत, अंधाऱ्या खोल्यांत आणि रस्त्यांच्या रुंदीत सापडते. ते कूळ विसरल्यामुळेच परवडणाऱ्या घरांचे आपले धोरण गरिबाला घर देताना त्या घरातला उजेड काढून घेते, असे माझे म्हणणे आहे.

१८९६ साली मुंबईत प्लेग आला आणि १८९८ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्टची स्थापना झाली. दाट वस्त्या पाडायच्या, त्यांतून रुंद रस्ते काढायचे आणि नव्या वसाहती उभारायच्या, हे तिचे काम. या ट्रस्टचे एक अध्यक्ष जे. पी. ऑर यांनी १९१२ च्या सुमारास साडेत्रेसष्ट अंशांच्या नियमाचा हिरिरीने पुरस्कार केला. नियम साधा होता. खोलीच्या बाहेरच्या भिंतीच्या तळापासून साडेत्रेसष्ट अंशांच्या कोनात वर रेघ ओढली तर ती समोरच्या इमारतीला अडता कामा नये. म्हणजे समोरच्या इमारतीची उंची मधल्या मोकळ्या जागेच्या दुपटीहून जास्त नको. मोजमाप सुरू होत होते ते तळमजल्यावरच्या खोलीपासून, कारण सगळ्यात कमी उजेड तिथेच पोचतो. किती बांधायचे हा प्रश्न नंतरचा. आधी त्या खोलीतून आकाश दिसले पाहिजे.

दुसरी शाखा परदेशातली. न्यूयॉर्कने १९१६ मध्ये इमारतींची उंची रस्त्याच्या रुंदीशी बांधून टाकली. पुढे ब्रिटनमध्ये, बॉम्बवर्षावात उद्ध्वस्त झालेले शहरांचे मध्यभाग पुन्हा बांधताना, १९४७ च्या सरकारी पुस्तिकेत 'फ्लोअर स्पेस इंडेक्स' आला. त्यात मजल्यांच्या एकूण क्षेत्राला भागायचे ते केवळ भूखंडाने नव्हे. लगतच्या रस्त्याची अर्धी रुंदीही त्यात धरलेली होती. इमारत आपला भार रस्त्यावर टाकते, ही जाण त्या भागाकारातच होती. मुंबईत हा निर्देशांक १९६४ च्या विकास आराखड्याबरोबर आला, पण येताना त्यातून रस्ता गळाला आणि उरला तो निव्वळ भूखंड. मला हा तांत्रिक तपशील वाटत नाही. इथेच निर्देशांकाची शहराशी असलेली नाळ तुटली. एक हजार चौरस मीटरच्या भूखंडावर ४ निर्देशांकाने चार हजार चौरस मीटर बांधता येते. त्यात दोनशे चौरस मीटरची वीस घरे बसतील किंवा तीस चौरस मीटरची सव्वाशेहून अधिक. आकडा तोच, माणसे सहापट. पाणी, गटार, शाळा, रस्ता यांवरचा भार हा आकडा सांगत नाही आणि दोन इमारतींमधले अंतरही सांगत नाही.

१९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीने शहर भागात १.३३ आणि उपनगरांत बहुतेक ठिकाणी १ अशी मर्यादा घातली. त्याच नियमावलीत हस्तांतरणीय विकास हक्क, म्हणजे टीडीआर, आला. बागेसाठी किंवा रस्त्यासाठी जमीन देणाऱ्याला पैशांऐवजी बांधकामाचा हक्क मिळू लागला. १९९५ मध्ये झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरण स्थापन झाले आणि चाळीस लाख झोपडीवासीयांना मोफत घरांचे आश्वासन याच चलनाच्या भरवशावर दिले गेले. विकासकाने पुनर्वसनाची घरे फुकट बांधायची आणि वाढीव चटईक्षेत्राच्या विक्री-इमारतीतून आपला खर्च आणि नफा काढायचा. नियमात घनतेची अट होती तीही उलट्या बाजूने: हेक्टरी किमान पाचशे गाळे. कमाल नव्हे, किमान. पुनर्वसनाच्या इमारतींना सामासिक अंतरातही, म्हणजे इमारतीभोवती सोडायच्या मोकळ्या जागेतही, सवलत मिळाली. विक्रीसाठी जितकी जास्त जमीन सुटेल तितका नफा जास्त, मग पुनर्वसनाची घरे कोपऱ्यात एकमेकांना चिकटणारच.

गोवंडीतले नटवर पारेख कंपाउंड आणि मानखुर्दचे लल्लूभाई कंपाउंड या अशाच दाटीने बांधलेल्या प्रकल्पग्रस्तांच्या वसाहतींची 'डॉक्टर्स फॉर यू' या संस्थेने पाहणी केली, तेव्हा तिथे क्षयरोगाचे प्रमाण शंभरात आठ ते दहा निघाले. जवळच्याच, मोकळ्या आखणीच्या जुन्या वसाहतीत ते शंभरात एक होते. इमारतींमधले अंतर कुठे कुठे जेमतेम तीन मीटर आहे. ऑरच्या नियमाने तीन मीटरला सहा मीटर उंची, म्हणजे दोन मजले. तिथे सात मजले आहेत.

अर्थतज्ज्ञांचा आक्षेप असा, की टंचाई मुळात या कमी निर्देशांकानेच निर्माण केली. तो सरसकट वाढवा, घरे स्वस्त होतील. नगररचनाकार अलें बेर्तो यांनी हे मुंबईविषयी वारंवार मांडले आहे आणि त्यातला अर्धा भाग मला मान्य आहे. अनेक दशके १.३३ वर अडून राहून, मग सवलतींच्या फटींतून चौपट देणे हा काही कारभार नव्हे. पण मॅनहॅटनच्या उंच इमारतींचा दाखला देताना तिथली सुमारे तृतीयांश जमीन रस्त्यांखाली आहे, हे सांगायचे राहून जाते. गल्ली तीच ठेवून मजले वाढवले तर उजेडाची टंचाई घरांच्या टंचाईची जागा घेते.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. तिजोरीत पैसा नाही, आणि या योजनेने निदान माणसाला रोजगाराच्या जवळ हक्काचे घर दिले. उजेडाचे निकष कडक केले तर गरीब पुन्हा बाहेर फेकला जाईल. इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या काळात हे खरोखर घडले. सुरुवातीच्या वर्षांत तिने बांधले त्याहून जास्त पाडले, आणि उजेड आला तो दादर-माटुंग्याच्या मध्यमवर्गाच्या वाट्याला. पण तो दोष कोनाचा नव्हता, पाडलेल्यांना घर देण्याची जबाबदारी झटकण्याचा होता. आज जबाबदारी स्वीकारली जाते आणि कोन सोडला जातो. विक्री-इमारतीला लागू असलेले अंतर पुनर्वसनाच्या इमारतीलाही लावले तर विकासकाचे गणित बिघडेल, हे खरेच. ते बिघडते तिथे सरकारने वाढीव बांधकामावरच्या प्रीमियमच्या रूपाने गोळा केलेला पैसा घालावा. तो चटईक्षेत्रातूनच आलेला असतो. आणि प्रत्येक मंजुरीपत्रावर निर्देशांकाच्या शेजारी आणखी दोन आकडे लिहिणे सक्तीचे करावे: तळमजल्यावरच्या सगळ्यात अंधाऱ्या खोलीचा उजेडाचा कोन आणि समोरच्या रस्त्यावर येणाऱ्या माणसांची संख्या.