नॉर्दर्न सोल तबकडी-संग्रह
१९६० च्या दशकातील अमेरिकन सोल संगीताच्या दुर्मिळ, मिनिटाला ४५ फेऱ्यांच्या ७ इंची तबकड्या जमविण्याचा, मुख्यतः उत्तर इंग्लंडमध्ये रुजलेला छंद (पहा : ध्वनिमुद्रिका, सोल संगीत). ‘नॉर्दर्न सोल’ ही संज्ञा लंडनमधील तबकडीविक्रेते व लेखक डेव्ह गोडिन यांनी रूढ केली. मँचेस्टरचे ट्विस्टेड व्हील आणि विगन कसिनो (१९७३–८१) या नृत्यस्थळांमुळे संग्रहाला चालना मिळाली. डेट्रॉईट, शिकागो येथील लहान कंपन्यांच्या, अमेरिकेत न खपलेल्या द्रुतलयीच्या गाण्यांना या छंदात मागणी असते. गाजलेल्या गाण्यांना तुलनेने कमी. प्रतिस्पर्ध्याला शोध लागू नये म्हणून डीजे तबकडीवरील लेबल झाकून गायकाचे खोटे नाव सांगत. मूळ प्रत ओळखताना लेबलाची छपाई आणि शेवटच्या खाचेलगत कोरलेला क्रमांक तपासतात, कारण १९७० च्या दशकापासून नकली प्रतीही पुष्कळ निघाल्या. मोटाउनच्या ‘सोल’ या उपलेबलासाठी फ्रँक विल्सन यांनी १९६५ मध्ये गायलेली ‘डू आय लव्ह यू (इंडीड आय डू)’ ही तबकडी विक्रीस आलीच नाही. तिच्या मोजक्याच प्रचारप्रती उरल्या. २००९ मध्ये त्यांपैकी एक २५,००० पौंडांहून अधिक किमतीला विकली गेली (पहा : मोटाउन).