हळद, चुना, गेरू, काजळ : पूर्वजांच्या घरातील रंग

सन १८३४ पासून पुढे ऐंशीहून अधिक वर्षे शर्तबंद मजुरांची जहाजे मॉरिशसला येत राहिली. मुंबई बंदरातून आलेल्यांत रत्नागिरी आणि आसपासच्या भागातील आपली माणसे पुष्कळ होती. मोका येथील महात्मा गांधी संस्थेत त्यांच्या नोंदी आजही जपून ठेवल्या आहेत. तेथे क्रमांक सापडतो, नाव, वय, जात, उंची आणि जहाजही सापडते. काहींची छायाचित्रेही आहेत. पण आपल्या पणजीला काय काय करता येत होते, याचा रकाना त्या वह्यांत नाही. ती माहिती घराच्या ओसरीवर आणि चुलीपाशीच राहिली. तिच्यातला एक लहानसा भाग, म्हणजे घरी केलेले रंग, या स्मरणिकेत आम्ही मांडत आहोत.

पहिला रंग हळदीचा. येथे क्रियोल भाषेत हळदीला ‘साफ्रां’ म्हणतात, पण आपल्या घरात ती हळदच राहिली. लग्नात अंगाला, पूजेत अक्षतांना, चतुर्थीला गणपतीच्या पीतांबराला, सगळीकडे तीच. शिवाय हळदीच्या पोटात लाल रंगही दडलेला आहे. हळदीला चुना लागला की ती क्षणात लाल होते. हळदीचा डाग पडलेले कापड साबणाने धुताना तो डाग तांबडा होतो, हे प्रत्येक गृहिणीने पाहिले आहे. कारण तेच. हळदीतील पिवळे द्रव्य आंबट पदार्थात पिवळेच राहते आणि क्षारात लाल होते.

कुंकवाचे मूळही हळदच. हळकुंडांना लिंबाचा रस आणि टाकणखार लावून, वाळवून, कुटून कुंकू करणे ही महाराष्ट्रातील जुनी रीत आहे. पंढरपूरचे कुंकू तर प्रसिद्धच. सगळे साहित्य मिळेना, तेव्हा हळद आणि चुना यांवर भागवले जाई, असे आमच्या घरांतील वृद्ध स्त्रिया सांगत. कुंकू ही सवाष्णीची खूण. समुद्र ओलांडला म्हणून ती सोडायची कशी?

चुन्याला या बेटावर तोटा नव्हता. किनाऱ्यावर पोवळ्याचा दगड भाजून चुना काढीत. त्या भट्ट्यांचे अवशेष आजही काही ठिकाणी उभे दिसतात. घरे बांधायला तो लागे आणि साखर कारखान्यात उसाचा रस निवळायलाही लागे. जो चुना पुरुष कामावर रोज पाहत, तोच बायकांच्या हाती हळदीत मिसळून रंग होई.

तिसरा रंग गेरूचा, म्हणजे तांबड्या मातीचा. कोकणात जांभ्याची लाल माती, येथे ज्वालामुखीच्या काळ्या दगडाची झीज होऊन झालेली लाल माती. दगड वेगळे, पण मातीला लाली देणारे लोहाचे गंज दोन्हीकडे तेच. माती पाण्यात कालवायची, खडे खाली बसू द्यायचे, वरचे गढूळ पाणी दुसऱ्या भांड्यात ओतायचे आणि तळाशी बसलेला मऊ गाळ वाळवायचा. हाच गेरू. तुळशीच्या कट्ट्याला तो लावून वर तांदळाच्या पिठाने पावले काढली की अंगण आपले वाटे.

चौथा रंग काजळाचा. एरंडेलाचा दिवा लावून त्यावर तांब्याचे ताट पालथे धरायचे. जमलेली काजळी थेंबभर तुपात घोटली की बाळाच्या डोळ्यांचे काजळ तयार. मूर्ती रंगवताना मात्र तूप नको, कारण तूप वाळत नाही. काजळी तांदळाच्या पेजेत घोटावी. मातीच्या गणपतीच्या डोळ्यांची आखणी अशा काळ्या रंगाने सुरेख होते.

आता कृती. दोन चमचे हळदपूड घट्ट पेजेत कालवली की पिवळा रंग झाला. त्यातला अर्धा वेगळा काढून चिमूटभर भिजवलेला चुना घातला की लाल. जास्वंदीच्या पाकळ्या पाण्यात कुस्करल्या की जांभळट रंग येतो. त्यात लिंबू पिळले तर तो लालभडक होतो, आणि चुन्याची निवळी घातली तर हिरवट. चुना मोठ्या माणसानेच हाताळावा, तो डोळ्यांत गेला तर इजा होते. पेजेतले रंग दोन दिवसांत आंबतात, म्हणून लागेल तेवढेच करावेत. गेरू आणि काजळी वर्षानुवर्षे टिकतात. हळदीचा पिवळा मात्र उन्हात उडतो. जुन्या घरांत तो फारसा दिसत नाही, तो यामुळेच.

आम्ही प्राथमिक शाळेत मराठी शिकवतो. ‘निवळी’, ‘घोटणे’, ‘कालवणे’, ‘आखणी’ हे शब्द फळ्यावर लिहून दिले, तर मुले ते परीक्षेपुरते लक्षात ठेवतात. हळदीत चुना पडताना पाहिला की ‘कालव’ हा शब्द पुन्हा सांगावा लागत नाही. आपल्या भाषेतील कितीतरी शब्द हाताच्या कामात राहतात. काम गेले की शब्दही निघून जातो.

आज कुंकू पाकिटात येते, मूर्तीचे रंग डबीत येतात. सोय आहे, हे खरे. पण चतुर्थीनंतर आपण मूर्ती नदीत आणि समुद्रात विसर्जित करतो. डबीतील रंगांत काय काय घातलेले असते, ते आपल्याला ठाऊक नसते. माती, हळद आणि गेरू यांच्याविषयी तशी चिंता नाही, ती मातीला मातीच मिळते. ज्या समुद्राने आपल्या माणसांना येथे आणले, त्याच्या पाण्याची एवढी काळजी आपण घ्यायला हवी.

म्हणून या शताब्दीच्या वर्षी प्रत्येक कुटुंबाला आमची एक विनंती आहे. घरातील सर्वांत वयस्कर स्त्रीला विचारा की तुमच्या लहानपणी कुंकू, काजळ, रांगोळी कशाची करीत. ती सांगेल ते तिच्याच शब्दांत वहीत लिहून ठेवा, आणि येत्या चतुर्थीला निदान एक रंग मुलांच्या हातून घरी करून घ्या. सरकारी वहीत जो रकाना नव्हता, तो आपणच भरायचा आहे.