लाखेच्या मुद्रेखाली

पत्रावर मुद्रा उमटविण्याची चाल जगात फार जुनी आहे. परंतु प्रत्येक मुद्रेचे प्रयोजन एकच असते असे नाही. शिवछत्रपतींच्या पत्राच्या अखेरीस ‘मर्यादेयं विराजते’ हे मोर्तब उमटे, ते मजकूर येथे संपला, यापुढे कोणी एक अक्षरही वाढवू नये, एवढ्यासाठी. आणि घडी केलेल्या कागदावर लाख वितळवून जी मुद्रा दाबीत, ती वाटेत कोणी मजकूर वाचू नये यासाठी. पहिली मुद्रा सत्याची राखण करी, दुसरी गुप्ततेची. आज आपण ज्याला खाजगीपणाचा अधिकार म्हणतो आणि ज्यावर आंतरराष्ट्रीय कायद्याचे पंडित ग्रंथामागून ग्रंथ लिहीत आहेत, त्याचे एक मूळ मला या दुसऱ्या मुद्रेत दिसते; कारण माणसाचे घर त्याच्या स्वतःच्या पहाऱ्यात असते, पत्र मात्र त्याने आपण होऊन दुसऱ्याच्या, आणि बहुधा सरकारच्या, हवाली केलेले असते.

टपाल हे राज्याचे खाते झाले तेव्हा पत्र वाहणारा हात आणि ते उघडणारा हात एकाच धन्याचे झाले. अठराव्या शतकात व्हिएन्नाच्या बादशाही गुप्त कचेरीत परकी वकिलातींच्या थैल्या सकाळी येत, मेणबत्तीच्या ज्योतीवर लाख मऊ करून पत्रे बाहेर काढली जात, कारकून भराभर नकला उतरून घेत, आणि पुन्हा हुबेहूब मुद्रा करून थैल्या नित्याच्या वेळी रवाना होत. लंडनची तऱ्हा निराळी नव्हती. तेथे सांकेतिक लिपी उलगडण्याचे काम १७१६ पासून विलिस घराण्याकडे होते आणि त्या घराण्याचा मूळपुरुष पुढे चक्क बिशप झाला. आमच्या वतनदारीला ज्या साहेबांनी नाके मुरडली, त्यांच्याच राजधानीत हे हेरगिरीचे वतन सव्वाशे वर्षे बिनबोभाट चालले होते, ही मौज नमूद केल्यावाचून पुढे जाववत नाही.

या वतनाला धक्का लागला तो एका निर्वासितामुळे. जोसेफ मॅझिनी हे नाव मराठी वाचकाला परके नाही. सावरकरांनी लंडनमध्ये बसून केलेला त्याच्या आत्मचरित्राचा अनुवाद १९०७ साली येथे प्रसिद्ध झाला आणि पुढे सरकारने तो जप्तही केला. हा मॅझिनी १८३७ पासून लंडनला राहत होता. १८४४ च्या वसंतात आपली पत्रे उशिरा येतात, आणि टपालाचा पहिला शिक्का झाकण्यासाठी त्यावर दुसरा मारलेला असतो, हे त्याच्या ध्यानी आले. तेव्हा त्याने पाकिटांत खसखशीचे दाणे, वाळूचे कण आणि केस घालून पाठविण्याची युक्ती योजिली. पत्रे पोचत, दाणे पोचत नसत. एवढा पुरावा हाती येताच १४ जून रोजी टॉमस डन्कोम्ब या सभासदाने कॉमन्स सभेत त्याचा अर्ज गुदरला, आणि गृहमंत्री सर जेम्स ग्रॅहॅम यांनी सारे काही कायद्याप्रमाणे झाले एवढे सांगून अधिक बोलण्याचे नाकारले. ते खोटे बोलले नव्हते. ॲन राणीच्या कारकिर्दीपासून इंग्लंडच्या टपाल कायद्यात असे होते की मंत्र्याच्या सहीच्या परवान्यावाचून कोणी पत्र उघडू नये. आणि परवान्यावर ग्रॅहॅमची सही होती. लोकांचा क्षोभ मात्र कायदा विचारीत नव्हता. कार्लाइलने ‘टाइम्स’ला पत्र लिहून मॅझिनीच्या शीलाची ग्वाही दिली, ‘पंच’ने ग्रॅहॅमच्या नावाने पाकिटे बंद करण्याच्या थट्टेच्या टिकल्या काढल्या, आणि ग्रॅहॅमच्या आडनावाचे पत्रे फोडणे या अर्थाचे क्रियापद झाले. त्याच जुलैत कॅलाब्रियात उठाव करावयास गेलेल्या बँडिएरा बंधूंना गोळ्या घालण्यात आल्या, तेव्हा त्यांची बातमी लंडनच्या टपालातूनच फुटली असा बोभाटा झाला. चौकशी समितीने तो मानला नाही. गुप्त कचेरी बंद झाली, विलिसांना निवृत्तिवेतन मिळाले, पण परवान्याचा अधिकार जसाच्या तसा राहिला. या प्रकरणात दफ्तर बुडाले, कलम बुडाले नाही.

पुढे तार आली, आणि तारेला तर लाखही नसते. मजकूर प्रत्येक ठाण्यावरील कारकुनाच्या डोळ्यांखालून जातो. म्हणून १८६५ साली पॅरिसला वीस राष्ट्रांनी तारेचा जो करार केला, त्यात पत्रव्यवहाराची गुप्तता राखण्याचे अभिवचन त्यांनी एकमेकांस दिले. माझ्या मते मानवी हक्क हा शब्द आंतरराष्ट्रीय कायद्यात रूढ होण्याच्या कितीतरी आधी गुप्ततेने त्या कायद्यात प्रवेश केला तो येथे. परंतु वचन होते सरकारांचे सरकारांना. तार करणाऱ्या माणसाचे त्यात नावही नव्हते, आणि त्याच करारात राज्याच्या सुरक्षिततेला धोक्याची वाटेल ती खाजगी तार अडविण्याची मुभाही सर्वांनी राखून ठेवली होती. हिंदुस्थानात १८८५ चा तार कायदा आणि १८९८ चा टपाल कायदा आला तो याच अपवादाची शाई घेऊन: सार्वजनिक आणीबाणी अथवा सार्वजनिक सुरक्षितता एवढे शब्द उच्चारले की संदेश अडविता येई.

हिंदुस्थान स्वतंत्र होण्याच्या उंबरठ्यावर असताना, १९४७ च्या मार्चात, घटना समितीच्या मूलभूत अधिकारांच्या उपसमितीपुढे मुनशींनी घराची अभेद्यता आणि पत्रव्यवहाराची गुप्तता ही दोन्ही कलमे मांडली. आंबेडकरांच्या निवेदनात घर, कागदपत्र आणि चीजवस्तू यांच्या अवाजवी झडतीपासून संरक्षण होते. उपसमितीने ती स्वीकारली, पण अल्लादी कृष्णस्वामी अय्यर आणि बेनेगल राव यांनी पोलीस तपासाच्या वाटेत धोंड येईल या भयाने हरकत घेतली, आणि एप्रिलात सल्लागार समितीत ती गळाली. या उपसमितीत हंसा मेहता होत्या. त्याच बाई संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क आयोगात भारताच्या प्रतिनिधी होत्या, आणि १० डिसेंबर १९४८ रोजी पॅरिसला जो जाहीरनामा संमत झाला, त्याच्या बाराव्या कलमात खाजगी जीवन, कुटुंब, घर आणि पत्रव्यवहार यांत मनमानी हस्तक्षेप होणार नाही असे लिहिले गेले. दिल्लीत जे कलम गळाले होते, त्याला भारताने पॅरिसला मत दिले.

ऑलिव्हर डिगेलमन आणि मारिया निकोल क्लाइस या अभ्यासकांनी २०१४ साली दाखवून दिले की त्या वेळी कोणत्याही देशाच्या राज्यघटनेत खाजगीपणाचे सर्वव्यापी कलम नव्हते. घर आणि पत्र यांची सुटी कलमे तेवढी होती. म्हणजे हा अधिकार बहुतेक अधिकारांप्रमाणे स्वदेशातून परदेशी गेला नाही. तो आधी आंतरराष्ट्रीय झाला आणि मग एकेका देशात उतरला. आमच्याकडे तो उतरण्यास फार काळ लागला. घटनाकारांनी झडतीविरुद्ध कलम घातलेच नाही, तेव्हा आम्ही ते कोठून आणावे, असे १९५४ साली सर्वोच्च न्यायालयाच्या आठ न्यायाधीशांनी म्हटले. १९७९ साली भारताने नागरी आणि राजकीय हक्कांच्या कराराला मान्यता दिली, आणि १९९६ साली दूरध्वनी चोरून ऐकण्याच्या प्रकरणात न्यायालयाने त्याच करारातील सतराव्या कलमाचा आधार घेऊन आमच्या एकविसाव्या अनुच्छेदाचा अर्थ लावला. २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायाधीशांनी १९५४ चा तो निर्णय एकमताने बाजूस सारला. एप्रिलातले गळालेले कलम असे सत्तर वर्षांनी आडवाटेने परत आले.

टपालाच्या कायद्याची गोष्ट मात्र निराळ्याच वाटेने गेली. १९८६ साली संसदेने सरकारचे अडवणुकीचे अधिकार वाढविणारी दुरुस्ती मंजूर केली तेव्हा राष्ट्रपती झैलसिंग यांनी तिच्यावर सहीही केली नाही आणि ती परतही पाठविली नाही. कागद तसाच पडून राहिला. १८९८ चा कायदा २०२३ च्या नव्या कायद्याने संपला आणि तो नवा कायदा जून २०२४ पासून अंमलात आला. त्याच्या नवव्या कलमानुसार केंद्र सरकार अधिसूचना काढून कोणत्याही अधिकाऱ्याला पत्र अडविण्याचा, उघडण्याचा आणि ठेवून घेण्याचा अखत्यार देऊ शकते. १८४४ साली डन्कोम्बला निदान परवान्यावरची सही कोणाची हे ठाऊक होते, आणि जाब विचारण्यासाठी तो माणूस समोरच्या बाकावर बसलेला होता.