भोके पाडलेला कागद नक्कल ठरतो का?

एका वहीतली कविता दुसऱ्या वहीत उतरवून काढली तर ती नक्कल झाली, याबद्दल वर्गात कोणी वाद घालणार नाही. पण तीच कविता कॅसेटवर टेप करून घेतली तर? आतल्या तपकिरी फितीकडे कितीही निरखून पाहिले तरी एक अक्षर दिसत नाही. मग तिला नक्कल म्हणायचे का? हा प्रश्न १९०८ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापुढे आला, तो भोके पाडलेल्या कागदाच्या निमित्ताने.

त्या काळी अमेरिकेत स्वयंचलित पियानोचे खूळ होते. पियानोत लांबलचक कागदाची गुंडाळी बसवायची आणि पायाने भाते मारायचे. आपल्या पेटीचा भाता हवा पुढे ढकलतो. हे भाते ती आत ओढून घेत. कागद एका आडव्या पट्टीवरून सरकत जाई. पट्टीला प्रत्येक स्वरासाठी एक छिद्र असे, पण ती कागदाने झाकलेली. कागदातले भोक एखाद्या छिद्रावर आले की तिथून हवा आत शिरे, झडप हले आणि त्या स्वराची हातोडी तारेवर पडे. भोक आडव्या दिशेने कुठे आहे त्यावरून स्वर ठरे, आणि ते किती लांब आहे त्यावरून स्वर किती वेळ टिकणार ते. १९०२ साली अशी सत्तर ते पंचाहत्तर हजार वाद्ये अमेरिकेत होती, आणि त्या एका वर्षात दहा ते पंधरा लाख गुंडाळ्या तयार झाल्या. संगीतकारांना त्यांतून एक पैही मिळत नसे.

व्हाइट-स्मिथ या संगीत छापणाऱ्या कंपनीने अपोलो कंपनीवर दावा लावला. वाद दोन गाण्यांचा होता. ती गाणी विकत घेऊन त्यांची स्वरलिपी आम्ही छापली, कॉपीराइट आमचा, आणि अपोलोच्या गुंडाळ्या म्हणजे तिचीच नक्कल, असे फिर्यादीचे म्हणणे. साक्षी झाल्या. फार कौशल्य आणि चिकाटी असेल तर भोके स्वरलिपीसारखी वाचता येतील, असे कोणी म्हणाले. बहुतेकांनी मात्र ते साफ नाकारले. न्यायमूर्ती डे यांनी निकाल दिला, की माणसाला वाचता येते तीच नक्कल. गुंडाळी हा यंत्राचा सुटा भाग आहे. अपोलो जिंकली. न्यायमूर्ती होम्स निकालाशी सहमत झाले, पण नाखुशीने. तोच स्वरसमूह यंत्राने पुन्हा उमटवणारी कोणतीही वस्तू खरे तर नक्कल मानली पाहिजे, कायदा तोकडा पडतो आहे, असे त्यांनी वेगळे लिहून ठेवले. मला होम्स यांचे म्हणणे अधिक शास्त्रीय वाटते.

डोळ्यांना काय वाचता येते यावर एवढा काथ्याकूट ज्या गाण्यांवरून झाला, ती रचणारे ॲडम गाइबल लहानपणापासून अंध होते. छापील प्रत काय आणि भोकांचा कागद काय, त्यांच्या डोळ्यांना दोन्ही सारखेच.

निकालाआधीच, १९०६ मध्ये, बँडचे प्रसिद्ध संचालक जॉन फिलिप सूझा अमेरिकी काँग्रेसच्या समितीपुढे तक्रार घेऊन गेले होते. माकडाचा माणूस होताना शेपूट गळाले, तसे या यंत्रांपायी माणसाचे स्वरतंतू गळून पडतील, असे ते म्हणाले. (उत्क्रांती अशी चालत नाही, हे विद्यार्थ्यांना जरूर सांगावे.) पैशांबद्दलची त्यांची तक्रार मात्र खरी होती.

काँग्रेसपुढे दुसरीही अडचण होती. एओलियन नावाच्या मोठ्या कंपनीने अनेक प्रकाशकांशी आधीच करार करून ठेवले होते. संगीतकारांना सरसकट हक्क दिला असता तर सारे संगीत एकाच कंपनीच्या मुठीत गेले असते. म्हणून १९०९ च्या कायद्याने मधला मार्ग काढला : संगीतकाराने एकाला यांत्रिक आवृत्तीची परवानगी दिली की पुढे कोणीही ती काढावी, मात्र प्रत्येक प्रतीमागे दोन सेंट द्यावेत.

याच धर्तीची तरतूद ब्रिटनच्या १९११ च्या कायद्यात आली, १९१४ मध्ये तो भारतात लागू झाला, आणि आपल्या १९५७ च्या कायद्यातही ती राहिली. १९८० नंतरच्या दशकात जुनी चित्रपटगीते नव्या गळ्यांतून गाऊन घेतलेल्या स्वस्त कॅसेटी गल्लोगल्ली मिळू लागल्या, त्या याच तरतुदीच्या आधाराने. २०१२ च्या दुरुस्तीने अशा आवृत्तीसाठी मूळ ध्वनिमुद्रणानंतर पाच वर्षे थांबण्याची अट घातली.

खुद्द अमेरिकेत ‘नक्कल’ शब्दाची व्याख्या बदलायला १९७६ साल उजाडले. नुसत्या डोळ्यांनी किंवा यंत्राच्या मदतीने, कसेही कळो, ती नक्कलच, असे नव्या कायद्यात लिहिले गेले. तो १९७८ मध्ये अमलात आला. तोवर दोन सेंटांचा दरही तसाच होता. तेव्हा कुठे तो पावणेतीन सेंट झाला.