सिगारेट कोणी टाकली? मुंबई गोदीचा स्फोट, 1944

ज्यांना कानाला हेडफोन लावायला वेळ मिळाला नाही, त्यांच्यासाठी आजचा भाग लिहून देतोय.

मागच्या वर्षी आमच्या ऑफिसात रात्री सर्व्हर बसला. सकाळी मीटिंगमध्ये पहिला प्रश्न, "कोणी केलं?" एका ज्युनिअर मुलाने चुकीची कमांड चालवली होती. नाव सापडलं, मीटिंग संपली. दोन महिन्यांनी दुसऱ्याच्या हातून पुन्हा तेच झालं.

आता चला 14 एप्रिल 1944 ला. मुंबईच्या व्हिक्टोरिया डॉकमध्ये 'फोर्ट स्टिकिन' हे जहाज उभं होतं. पोटात सुमारे 1400 टन स्फोटकं आणि कराचीहून घेतलेल्या 8700 कापसाच्या गाठी. दुपारी दोनच्या सुमारास आग लागल्याचा गलका झाला. दुपारी 4 वाजून 6 मिनिटांनी पहिला स्फोट, अर्ध्या तासाने दुसरा. अग्निशमन दलाचे 66 जवान आणि शेकडो कामगार, रहिवासी गेले. म्हणून 14 एप्रिल हा अग्निशमन सेवा दिन.

जपान्यांनी हल्ला केला, अशी अफवा उठली. चौकशी आयोगापुढे अडचण अशी की आग लागली ती जागाच उरली नव्हती! मग जे वाचले त्यांच्या साक्षी आणि मालाची कागदपत्रं, यावरून त्या दोन तासांची साखळी जोडायची. आमच्या भाषेत, सर्व्हर जळाला तरी लॉग वाचायचे.

आग कशाने लागली? निष्काळजीपणे टाकलेली सिगारेट, हे संभाव्य कारण मानलं जातं. पण एवढ्यावर थांबलो तर हाती काय लागतं? एक थोटूक.

खरी गोष्ट पुढे आहे. कापूस आणि स्फोटकं एकाच होल्डमध्ये का होती? स्फोटकं असल्याची खूण सांगणारा लाल बावटा जहाजावर का नव्हता? आग लागल्यावर पाण्याचा मारा चालू राहिला, पण मूळ जागा सापडेना. जहाज जागीच बुडवायचं, समुद्रात ओढून न्यायचं, की विझवत राहायचं? गोदीचे अधिकारी, लष्कराचे अधिकारी, कप्तान, बंबवाले, सगळे तिथे होते. प्रत्येकाकडे एकेक तुकडा होता. अख्खं चित्र जोडून "आता हेच करा" असं ठामपणे सांगणारा मात्र कोणी नव्हता.

युद्धाच्या घाईत प्रत्येक सूट त्या त्या वेळी बरोबरच वाटली असेल. सगळ्या सुटी एकाच धक्क्यावर एकत्र आल्या, एवढंच.

एक गोष्ट सांगायची राहिली. ती कमांड 'नक्की का?' असं न विचारता थेट चालते, हे मला आधीपासून माहीत होतं. त्या मीटिंगमध्ये मी गप्प बसलो. माझ्याकडेही एक तुकडा होता.

तुमच्या कामाच्या ठिकाणी असा एखादा तुकडा तुमच्याकडे आहे का? असेल तर उद्याच सांगून टाका.

भेटूया पुढच्या भागात!