योगाभ्यासकाने शरीर कोणत्या पुस्तकात पाहावे?

'शरीर समजून घ्यायला एखादे पुस्तक सुचवा,' असे योगवर्गातले साधक मला नेहमी विचारतात. पूर्वी मी तोंडाला येईल ते नाव सांगून मोकळी होत असे. मग मानेचा जुना त्रास असलेल्या एका बाईंनी मीच सुचवलेल्या पुस्तकातले सर्वांगासनाचे रंगीत चित्र पाहून घरी ते आसन केले आणि पुढचा महिना मानेला पट्टा लावून काढला. तेव्हापासून मी या प्रश्नाच्या इतिहासात शिरले.

हा प्रश्न पहिल्यांदा धारदारपणे विचारला तो दयानंद सरस्वतींनी. १८५५ च्या सुमारास गंगेतून वाहत आलेले एक प्रेत त्यांनी काठावर ओढले, सुरीने चिरले आणि हृदय, मस्तक, मान हे भाग जवळच्या हठयोगाच्या पोथ्यांतील वर्णनाशी ताडून पाहिले. काहीच जुळेना, तेव्हा पोथ्या फाडून प्रेताबरोबर नदीत सोडल्या. आत्मकथनात त्यांनीच हे सांगितले आहे. ध्यानासाठी रेखाटलेल्या नकाशाला त्यांनी शवविच्छेदनाचा प्रश्न विचारला, असे आज म्हणता येईल. पण पडताळून पाहण्याची ती धमक मोलाचीच.

तीनच वर्षांनी, १८५८ मध्ये, लंडनला हेन्री ग्रे यांचे शारीरशास्त्र प्रसिद्ध झाले. त्यातली ३६३ चित्रे हेन्री व्हॅनडाइक कार्टर यांची. अवयवाचे नाव त्या अवयवावरच लिहिण्याची त्यांची पद्धत विद्यार्थ्यांना फार सोयीची ठरली. त्याच वर्षी कार्टर मुंबईत आले आणि ग्रँट मेडिकल कॉलेजात शारीरशास्त्र शिकवू लागले. ग्रंथ आजही संदर्भासाठी उत्तम. मात्र त्यातला देह टेबलावर निश्चल पडलेला आहे. तो श्वास घेत नाही.

योग आणि हे शास्त्र यांची सांगड घालण्याचा एक प्रयत्न मुंबईतच झाला. डॉ. वसंत गंगाराम रेळे यांनी १९२७ मधील आपल्या इंग्रजी पुस्तकात कुंडलिनी म्हणजे उजवा व्हेगस मज्जातंतू, असे मांडले. त्याची प्रस्तावना सर जॉन वुड्रॉफ यांची; पण कुंडलिनी म्हणजे मज्जातंतू, हे त्यांनी प्रस्तावनेतच मान्य केले नाही. मतभेद पुस्तकाच्या दारातच छापणाऱ्या रेळ्यांचा मोकळेपणा मला आवडतो. तरी जुन्या शब्दाला नव्या अवयवाचे नाव चिकटवल्याने ज्ञान वाढत नाही.

स्वामी कुवलयानंदांनी वेगळी वाट धरली. १९२४ मध्ये त्यांनी लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापन केले आणि 'योगमीमांसा' हे त्रैमासिक सुरू केले. त्यांनी उड्डियान आणि नौली करणाऱ्या जिवंत माणसाची क्ष-किरण तपासणी केली, दाब मोजले. नौलीत मोठ्या आतड्यातील दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी होतो, म्हणून बस्तीत पाणी आत ओढले जाते, हे त्यांनी मोजून दाखवले आणि त्या निर्वात स्थितीला आपल्या गुरूंचे, माधवदासजींचे, नाव दिले. श्रद्धा नावात राहिली, निष्कर्ष मात्र मोजमापातून आला.

या इतिहासातून माझी कसोटी ठरली. अवयवांची नावे आणि जागा पाहायच्या तर ग्रेसारखा ग्रंथ हवा. सांधा कसा वळतो हे समजायला ब्लांदिन काले-जेर्मां यांचे हालचालींच्या शारीरशास्त्रावरचे पुस्तक, आणि श्वास व आसन यांचा मेळ पाहायला डेव्हिड कूल्टर यांचे २००१ मधील हठयोगाचे शारीरशास्त्र. चक्र म्हणजे अमुक ग्रंथी, असे पहिल्याच पानावर ठामपणे सांगणारे पुस्तक मी खाली ठेवते. आसन कोणी करू नये हे न सांगणारेही.

त्या बाई आता पुन्हा वर्गात येतात. पुस्तकातली मान रेखीव असते, आपली मान आपण जगलेल्या वर्षांची असते. म्हणून आता पुस्तकाचे नाव सांगण्याआधी मी साधकाला विचारते, 'तुमचे कुठे दुखते?'