परदेशी वास्तव्यात लहानशी शस्त्रक्रिया

नाशिक - मुलगा न्यूजर्सीत, मुलगी लंडनला आणि जावई दुबईत, ही गंगापूर रोड, इंदिरानगर किंवा नाशिकरोड परिसरातील अनेक घरांची आता नित्याची कहाणी झाली आहे. वर्षातून एकदा मुले येतात, दोन वर्षांतून एकदा आई-वडील सहा महिन्यांसाठी तिकडे जातात. अशा वास्तव्यात हृदयविकार किंवा कर्करोगासारख्या मोठ्या आजाराची धास्ती सर्वांनाच असते आणि त्याची काही ना काही तजवीजही केलेली असते. कुटुंबाची तारांबळ मात्र बहुधा किरकोळ समजल्या जाणाऱ्या शस्त्रक्रियेने उडते. जांघेतील हर्निया, पित्ताशयातील खडे, मूळव्याध, अक्कलदाढ, पाठीवरची चरबीची गाठ, मोतीबिंदू ही त्यातील नेहमीची नावे. नाशिकमध्ये असताना ओळखीच्या डॉक्टरांना एक फोन केला की जो प्रश्न सुटतो, तो परक्या देशात विमा, रजा, भाषा आणि व्हिसा अशा चार दारांतून फिरत राहतो.

यातील पहिला प्रश्न वैद्यकीय आहे आणि तो खर्चाच्या आधी विचारावयास हवा. ही शस्त्रक्रिया आताच करावी लागेल की थांबता येईल? पित्ताशयात खडे आहेत, पण कधीही पोट दुखलेले नाही, अशा रुग्णाला सहसा शस्त्रक्रियेची गरज नसते. जांघेतील हर्नियाचा विशेष त्रास नसलेल्या पुरुषांवर अमेरिकेत झालेल्या अभ्यासाचे निष्कर्ष २००६ मध्ये प्रसिद्ध झाले. लक्ष ठेवून थांबणे अशा रुग्णांसाठी सुरक्षित आहे, असे त्यातून दिसले. आतडे अडकण्याचे प्रमाण हजार रुग्णांमागे वर्षाला दोनहूनही कमी होते. म्हणजे डिसेंबरच्या सुटीपर्यंत थांबून नाशिकला येऊन शस्त्रक्रिया करणे हा अनेकांसाठी खरोखरीचा पर्याय आहे. परंतु एरवी आत जाणारी गाठ आत जाईनाशी झाली, ती दुखू लागली, उलट्या सुरू झाल्या, तर ती तातडीची अवस्था होय. तेथे विमान पकडण्याचा विचार करू नये. जवळचे रुग्णालय गाठावे. पित्ताशयाच्या दुखण्यासोबत थंडी वाजून ताप किंवा कावीळ दिसल्यासही हेच लागू पडते.

अपेंडिक्सला सुटीचे वेळापत्रक कळत नाही. सोव्हिएत डॉक्टर लिओनिद रोगोझोव्ह यांना ३० एप्रिल १९६१ रोजी अंटार्क्टिकातील नोव्होलाझारेव्स्काया तळावर स्वतःचे अपेंडिक्स स्वतःच काढावे लागले होते, कारण तळावर दुसरा डॉक्टर नव्हता आणि हवामानामुळे विमान येऊ शकत नव्हते. भारताचे ‘मैत्री’ हे केंद्र पुढे याच तळाच्या शेजारी उभे राहिले. आज परिस्थिती पुष्कळ बदलली आहे. गुंतागुंत नसलेल्या अपेंडिक्सच्या दाहावर केवळ प्रतिजैविके देण्याचा पर्याय अमेरिका आणि युरोपमधील डॉक्टर रुग्णापुढे ठेवतात. मात्र २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अमेरिकी चाचणीत असे उपचार घेतलेल्या दहा रुग्णांपैकी सुमारे तिघांना नव्वद दिवसांच्या आत शस्त्रक्रिया करून घ्यावीच लागली. औषधावर बरे वाटल्यावर लगेच लांबचा प्रवास ठरविणाऱ्यांनी हा आकडा लक्षात ठेवलेला बरा.

देश तसा वेष

ब्रिटनमध्ये कामाच्या किंवा शिक्षणाच्या व्हिसावर जाणाऱ्याला व्हिसासोबतच आरोग्य अधिभार भरावा लागतो. एप्रिल २०१५ मध्ये तो वर्षाला २०० पौंड होता. ६ फेब्रुवारी २०२४ पासून प्रौढांसाठी १,०३५ पौंड आणि विद्यार्थी व अठरा वर्षांखालील मुलांसाठी ७७६ पौंड झाला. हा अधिभार भरल्यावर सरकारी आरोग्यसेवेतील शस्त्रक्रियेचे वेगळे बिल येत नाही. तेथे किंमत मोजावी लागते ती प्रतीक्षेची. थेट शल्यविशारदाकडे जाता येत नाही. आधी वस्तीतील नोंदणीकृत डॉक्टर, त्यांची चिठ्ठी, मग रांग. अठरा आठवड्यांत उपचार सुरू व्हावेत असे इंग्लंडचे उद्दिष्ट आहे, पण ठरलेल्या ९२ टक्के रुग्णांपुरते ते फेब्रुवारी २०१६ नंतर साध्य झालेले नाही. भेटीच्या व्हिसावर गेलेल्या आई-वडिलांची गोष्ट निराळी. तातडीच्या विभागातील तपासणी त्यांना विनामूल्य मिळते. दाखल करून शस्त्रक्रिया केल्यास सरकारी दराच्या दीडपट आकारणी होते.

जर्मनीशी नाशिकचे नाते औद्योगिक आहे. सातपूरच्या बॉशचे, म्हणजे जुन्या लोकांच्या ‘मायको’चे, मुख्यालय स्टुटगार्टजवळ आहे आणि त्या परिसरात नाशिकच्या अभियंत्यांची ये-जा असते. योगायोग असा, की दुर्बिणीद्वारे पित्ताशय काढण्याची पहिली शस्त्रक्रिया याच भागातील बोब्लिंगेन गावी एरिख म्यूहे यांनी १९८५ मध्ये केली. त्यांच्या व्यवसायबंधूंनी तिची सुरुवातीला उपेक्षाच केली. जर्मन शल्यविशारद संघटनेने त्यांचा गौरव केला तो १९९२ मध्ये. तोपर्यंत हे तंत्र भारतातही पोहोचले होते. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहेम्टन उदवाडिया यांनी १९९० मध्ये ही शस्त्रक्रिया केली होती. पोटावर वीतभर व्रण न ठेवता चार लहान छिद्रांवर काम भागविणारे हे तंत्र आले नसते, तर दोन-तीन दिवसांत घरी जाण्याची आजची भाषाच शक्य नव्हती.

जर्मनीत सार्वजनिक विमा असलेल्या नोकरदाराला रुग्णालयात दिवसाला दहा युरो, तेही वर्षात जास्तीत जास्त अठ्ठावीस दिवसांपुरते, भरावे लागतात. नोकरीला चार आठवडे झाले असल्यास आजारपणात सहा आठवड्यांपर्यंत पूर्ण पगार मालक देतो. त्यामुळे केवळ रजेच्या भीतीने शस्त्रक्रिया नाशिकपर्यंत लांबविण्याचे तेथे कारण नाही. शस्त्रक्रियेनंतर तेथे सर्रास दिले जाणारे वेदनाशामक म्हणजे मेटामिझोल, अर्थात आपल्याकडचे जुने ‘अ‍ॅनालजिन’. अमेरिका आणि ब्रिटनमध्ये ते मिळत नाही. जर्मनीतून अमेरिकेला बदली झालेल्याने जुनी चिठ्ठी घेऊन औषधाच्या दुकानात जाण्यात अर्थ नाही.

आखाती देशांत विम्याची जबाबदारी प्रामुख्याने मालकावर असते. दुबईने त्यासाठी २०१३ मध्ये कायदा केला आणि १ जानेवारी २०२५ पासून संयुक्त अरब अमिरातीच्या उरलेल्या अमिरातींतही खासगी क्षेत्रातील कामगारांना तो विमा बंधनकारक झाला. मात्र कार्डावर कोणती रुग्णालये आहेत आणि नियोजित शस्त्रक्रियेला विमा कंपनीची पूर्वपरवानगी लागते काय, हे आधी पाहावे. दहावी न झालेल्या आणि म्हणून पारपत्रावर स्थलांतर तपासणीची अट असलेल्या कामगारांसाठी भारत सरकारची ‘प्रवासी भारतीय बिमा योजना’ २००३ पासून आहे. दोन वर्षांसाठी २७५ आणि तीन वर्षांसाठी ३७५ रुपये हप्त्यात अपघाती मृत्यू वा कायमच्या अपंगत्वासाठी दहा लाखांचे आणि रुग्णालयातील उपचारांसाठी एक लाखापर्यंतचे, पण एका वेळी पन्नास हजारांपर्यंतचेच, संरक्षण तिच्यात आहे. विम्याची ही बाजू अनेक कुटुंबांना ठाऊक नसते. पॉलिसी एजंटाच्या फायलीत राहून जाते. जाण्यापूर्वी तिची प्रत घरी ठेवून घ्यावी. अगदीच निराधार अवस्थेत तातडीचे उपचार घ्यावे लागले, तर वकिलातींकडे २००९ पासून भारतीय समुदाय कल्याण निधी आहे.

अमेरिकेचा हिशेब

सर्वांत गुंतागुंतीचा हिशेब अमेरिकेचा. तेथे विमा आहे म्हणजे खर्च नाही, असे समीकरण नाही. समजा, विमा कंपनीने रुग्णालयाशी ठरविलेली हर्नियाच्या शस्त्रक्रियेची रक्कम १२ हजार डॉलर आहे. विम्यातील ‘डिडक्टिबल’ म्हणजे आधी स्वतः भरावयाची रक्कम २ हजार आणि त्यापुढील खर्चातील रुग्णाचा वाटा २० टक्के. तर पहिले २ हजार आणि उरलेल्या १० हजारांचे २० टक्के, म्हणजे आणखी २ हजार, असे एकूण ४ हजार डॉलर खिशातून जातील. वर्षभरात आधीच डिडक्टिबल भरून झाले असेल, तर हीच शस्त्रक्रिया २,४०० डॉलरमध्ये पडेल. म्हणूनच तेथे जुने झालेले लोक थांबवून ठेवलेल्या शस्त्रक्रिया वर्षअखेरीस उरकून घेतात. नवे वर्ष लागले, की पाटी बहुधा कोरी होते आणि गणित पुन्हा पहिल्या डॉलरपासून सुरू होते.

रुग्णालय विम्याच्या यादीतले, पण भूलतज्ज्ञ यादीबाहेरचा आणि त्याचे स्वतंत्र भलेमोठे बिल, हा अनुभव पूर्वी सर्रास येत असे. १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या कायद्याने त्याला बराच आळा घातला. विमा नसलेल्या रुग्णाला नियोजित शस्त्रक्रियेचे लेखी अंदाजपत्रक मागता येते आणि बिल त्याहून ४०० डॉलर किंवा अधिक आल्यास दाद मागता येते. जीव धोक्यात असेल तर पैशांची विचारणा होण्याआधी तपासणी करून प्रकृती स्थिर करणे तातडीच्या विभागांवर १९८६ च्या कायद्याने बंधनकारक आहे. बिल मात्र नंतर येतेच. ते आल्यावर मुकाट्याने क्रेडिट कार्ड काढू नये. तपशीलवार बिल मागावे आणि रुग्णालय विनानफा तत्त्वावरील असेल तर आर्थिक सवलतीचा अर्ज करावा. आपल्याकडे धर्मादाय रुग्णालयांत निर्धन व दुर्बल घटकांसाठी खाटा राखीव असतात. त्यांच्याकडे अशा रुग्णालयांना सवलतीचे लेखी धोरण ठेवावे लागते.

खरी कोंडी होते ती मुलीच्या बाळंतपणासाठी गेलेल्या आईची. येथून काढलेला प्रवासविमा किंवा तिकडचा पाहुण्यांसाठीचा विमा हा अचानक उद्भवलेल्या आजारासाठी असतो. तीन वर्षांपूर्वी नाशिकच्या डॉक्टरांनी कागदावर लिहून ठेवलेला हर्निया हा विमा कंपनीच्या लेखी जुना आजार ठरतो आणि त्याचा दावा नाकारला जाण्याची शक्यता मोठी असते. जुन्या आजाराने अकस्मात उचल खाल्ल्यास काही पॉलिसी मर्यादित रक्कम देतात. ती मर्यादा वयानुसार उतरत जाते. युरोपच्या शेंगेन व्हिसासाठी किमान ३० हजार युरोंचे आणि कॅनडाच्या आई-वडिलांसाठीच्या सुपर व्हिसासाठी किमान एक लाख डॉलरचे विमासंरक्षण लागते. पण व्हिसापुरता घेतलेला विमा आणि उपयोगी पडणारा विमा यांत अंतर असू शकते. साठी ओलांडलेल्या आई-वडिलांना सहा महिन्यांसाठी पाठविण्यापूर्वी दात, डोळे आणि हर्निया यांची तपासणी नाशिकमध्येच करून, करण्याजोगे असेल ते दोन महिने आधी उरकून घेणे हा सर्वांत स्वस्त विमा होय.

भाषेचा मुद्दा अनेकदा दुर्लक्षिला जातो. भूल देण्याआधी विचारले जाणारे प्रश्न साधे दिसतात. रक्त पातळ करणारी गोळी घेता का? तंबाखू, मिसरी? आयुर्वेदिक काढे? वडील मुलासमोर तंबाखूची कबुली देत नाहीत आणि सून सासऱ्यांच्या मूळव्याधीचे भाषांतर करताना अर्धे गाळते. अमेरिकेत सरकारी निधी घेणाऱ्या रुग्णालयांना विनामूल्य दुभाष्या द्यावा लागतो. ब्रिटनमध्येही तशी सोय आहे. बहुधा तो फोनवर असतो, पण मराठीचा मागता येतो. तो संकोच न करता मागावा.

औषधांच्या बाबतीत आखाताचे नियम कडक आहेत. शस्त्रक्रियेनंतर नाशिकच्या डॉक्टरांनी दिलेल्या ट्रॅमाडॉलच्या गोळ्या किंवा कोडीन असलेले खोकल्याचे औषध सामानात सापडल्यास दुबई विमानतळावर गंभीर अडचण होऊ शकते. अशा औषधांसाठी तेथील आरोग्य खात्याची परवानगी आधी घ्यावी लागते. चिठ्ठी सोबत असणे पुरेसे नाही.

नाशिकला येऊन शस्त्रक्रिया करण्याचे ठरविणाऱ्यांनी दोन गोष्टी तपासाव्यात. एक म्हणजे विमा. परदेशातील कंपनीचा विमा भारतातील नियोजित उपचार देईलच असे नाही. येथे नवी पॉलिसी काढली, तर हर्निया, मोतीबिंदू, मूळव्याध, पित्ताशयातील खडे यांना साधारणतः दोन वर्षांचा प्रतीक्षाकाळ असतो. म्हणजे सुटीला आल्यावर पॉलिसी काढून त्याच सुटीत शस्त्रक्रिया, हा मार्ग बंद आहे. दातांचे मात्र वेगळे. तिकडे दातांचा विमा बहुधा स्वतंत्र आणि तुटपुंजा असल्याने सुटीत येऊन अक्कलदाढ काढून जाणे सोयीचे ठरते. ते सुटीच्या शेवटच्या दिवशी करू नये, एवढेच.

दुसरी गोष्ट परतीची तारीख. उंचीवर विमानातील दाब कमी होतो आणि शरीरात अडकलेली हवा सुमारे एक-तृतीयांशाने फुगते. ब्रिटनमधील मार्गदर्शनानुसार दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेनंतर एक-दोन दिवस, पोटाच्या साध्या शस्त्रक्रियेनंतर चार-पाच दिवस, गुंतागुंतीच्या शस्त्रक्रियेनंतर दहा दिवस आणि मोतीबिंदूनंतर एक दिवस विमानप्रवास टाळावा. नेत्रपटलाच्या शस्त्रक्रियेत डोळ्यात वायू सोडला असेल, तर दोन ते सहा आठवडे थांबावे लागते. ही किमान मर्यादा आहे. चौदा तास बसून राहिल्याने पायातील शिरांत रक्ताची गुठळी होण्याचा धोका शस्त्रक्रियेनंतर वाढतो. टाके तपासून घ्यायचे असतात. आणि अवजड बॅग उचलायची नसते. नाशिकहून मुंबई विमानतळापर्यंतचा रस्ताही हिशेबात धरावा. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा अखेरचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाल्यापासून कसारा घाटातील हिसके टाळता येतात, तरी पोटावर ताजे टाके असताना गाडीतील पट्टा आणि जखम यांच्यामध्ये लहान उशी घेतलेली बरी.

निघताना डिस्चार्ज कार्डाची इंग्रजी प्रत, हर्नियात जाळी बसविली असल्यास तिचे स्टिकर आणि डोळ्यात भिंग असल्यास त्याचे कार्ड सोबत घ्यावे. काढलेली गाठ किंवा पित्ताशय तपासणीसाठी प्रयोगशाळेत पाठविले जाते आणि अहवाल यायला काही दिवस लागतात. तोवर रुग्ण परत गेलेला असतो. तो अहवाल घरातील कोणी आणावयाचा आणि डॉक्टरांना दाखवून परदेशी पाठवावयाचा, हे रुग्णालय सोडण्यापूर्वीच ठरवून ठेवावे.